सूकीचे तेरावे

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरी दोन दिवस सुतक असल्यासारखे गेले. मंडळी सर्व खुशाल आहेत, वाचकांनी काळजी करू नये. झाले इतकेच की, सूनबाईंनी एका इंग्रजी कादंबरीमालेचे तेरावे आणि अखेरचे पुस्तक वाचून संपविले. त्या दोन दिवसांत आमटीत एकदा मीठ दुप्पट पडले व एकदा मुळीच पडले नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या आपण होऊनच म्हणाल्या, "आबा, तेरा पुस्तके मी हिच्या मागे हिंडले, आणि बाईंनी शेवटी तिला त्या गुत्तेवाल्याच्या गळ्यात बांधली!"

आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, असा शोक करणाऱ्या त्या काही पहिल्याच नव्हेत. 2013 साली हे पुस्तक निघाले तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात हजारो वाचकांना असेच वाटले होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी आमटीवर न भागवता लेखिकेला धमक्यांची पत्रे पाठविली होती. मालेतील पुस्तकांच्या नावांत 'डेड' हा शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. तेव्हा तेराव्या पुस्तकाचे वाचकांनी 'तेरावे' घातले असे म्हटले, तर ते अगदीच अस्थानी होऊ नये.

ही माला शार्लेन हॅरिस ह्या बाईंची. बाई 1951 सालच्या, मिसिसिपी संस्थानातल्या ट्युनिका गावच्या. (अमेरिकेतल्या 'स्टेट'ला आमची पिढी संस्थानच म्हणते. इतक्या वर्षांची सवय सुटत नाही.) 1981 पासून त्या कादंबऱ्या लिहीत आल्या, आणि त्या साऱ्या गुन्हे व तपास ह्या जातीच्या. वीस वर्षे त्यांना वाचक होते, पण बेताचे. पुढे त्यांनी लुइझिआना प्रांतातील 'बाँ ताँ' नावाचे एक काल्पनिक खेडे उभे केले, आणि तेथल्या मद्यगृहात गिऱ्हाइकांना वाढणारी सूकी स्टॅकहाउस ही मुलगी कथेची निवेदक केली. सूकीला दुसऱ्याच्या मनातले ऐकू येते. हे वरदान नसून व्याधी आहे. गिऱ्हाइकापुढे बशी ठेवताना त्याच्या डोक्यातली घाण तिच्या कानी पडते. एखाद्या तरुणाबरोबर फिरावयास जावे, तर तो हसून काय बोलतो आणि मनात काय म्हणतो हे दोन्ही तिला एकदमच कळते. गावात तिला अर्धवट समजतात. रोज एक नवा शब्द शिकविणारे कॅलेंडर आणून ती आपली भाषा सुधारीत असते. हा बारकावा आम्हांला फार आवडला.

अशा मुलीच्या गावात एक रक्तपिपासू पिशाच उघडपणे राहावयास येते. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केल्यामुळे जगातल्या सगळ्या पिशाचांनी 'आम्ही आहोत' असे जाहीर केले आहे, आणि ती नागरिकत्वाचे हक्क मागत आहेत, अशी ह्या कथेतील जगाची व्यवस्था आहे. हे पिशाच म्हणजे बिल कॉम्प्टन, अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेला शिपाई. त्याचे मन सूकीला ऐकू येत नाही. मेलेल्याच्या डोक्यात शांतता असते! जन्मभर गोंगाटात राहिलेल्या मुलीला ती शांतता हवीशी वाटली, ह्यातच साऱ्या मालेचे बीज आहे, आणि ते खरोखर सुंदर आहे. पुढे दुसरे पिशाच येते, ते एरिक नॉर्थमनचे. हा हजार वर्षांपूर्वीचा उत्तरेकडचा दर्यावर्दी, उंच, पिंगट केसांचा आणि आता एका रात्रीच्या मद्यगृहाचा मालक. आणि सूकीचा धनी सॅम मर्लोट पहिल्या पुस्तकापासून तेथेच असतो. त्याला प्राण्याचे रूप घेता येते. तो बहुधा कुत्रा होतो. सूनबाई म्हणतात तो गुत्तेवाला हाच.

पहिले पुस्तक 'डेड अन्टिल डार्क' 2001 च्या मे महिन्यात साध्या कागदी बांधणीत आले. त्यापूर्वी ते हस्तलिखित बराच काळ प्रकाशकांच्या दारोदार हिंडत होते. ही रहस्यकथा म्हणावी, भयकथा म्हणावी की प्रेमकथा, ह्याचा उलगडा प्रकाशकांना होईना. दुकानात पुस्तक कोणत्या मांडणीत ठेवावयाचे हे ठरल्यावाचून ते छापावयाचे नाही, हा तिकडचा व्यापारी शिरस्ता. पुढे त्या पुस्तकाला रहस्यकथेसाठीचे 'अँथनी' पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर दरसाल एक असे नेमाने तेरा भाग निघाले. 2008 च्या सप्टेंबरात त्यावर 'ट्रू ब्लड' ही दूरचित्रवाणीची मालिका सुरू झाली आणि वाचकांचा पूर लोटला. ह्याच काळात स्टेफनी मेयर ह्यांच्या 'ट्वायलाइट'ची चारही पुस्तके 2005 ते 2008 मध्ये येऊन गेली होती, आणि पिशाचांच्या प्रेमकथांना दुकानांत स्वतंत्र मांडणी मिळाली होती. हॅरिसबाईंची सूकी आपोआप त्या मांडणीत जाऊन बसली.

आमच्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ येथे आहे. ह्या मालेत दोन घड्याळे चालतात. एक रहस्यकथेचे: प्रत्येक पुस्तकात खून होतो, तपास होतो, आणि शेवटच्या पानापूर्वी गुन्हेगार सापडतो. हे घड्याळ दरसाल थांबते व पुढच्या साली नव्याने सुरू होते. दुसरे घड्याळ 'सूकी कोणाची होणार?' ह्या प्रश्नाचे. ते तेरा वर्षे न थांबता टिकटिकत राहिले. नुसते पहिले घड्याळ असते तर तक्रारीला जागाच नव्हती. आपल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळा पहाड ह्यांची कथा संपली कशी, असे आमच्या वाचनालयात कोणी कधी विचारल्याचे आम्हांला स्मरत नाही. नवे पुस्तक आले की ते आधी कोणाच्या हाती पडणार, एवढ्यावरच भांडणे होत. तेथे नायक प्रत्येक वेळी होता तसाच परत येतो, म्हणून शेवटाची कोणाला आच नसते. प्रेमकथेचे तसे नाही. ती वाचकाला पहिल्या पानावर एक वचन देते, आणि अखेरच्या पानापर्यंत वाचक ते हातात घट्ट धरून असतो. तिकडे प्रेमकथेच्या धंद्यात हे वचन जवळजवळ करारासारखे मानतात: शेवट मनाला समाधान देणारा आणि आशेचा असला पाहिजे.

लेखिका पहिल्या घड्याळाच्या परंपरेतली, वाचक दुसऱ्या घड्याळाकडे पाहणारा. तेरा वर्षे दोघांना वाटत होते की आपण एकच वेळ पाहत आहोत!

2013 च्या मे महिन्यात 'डेड एव्हर आफ्टर' बाजारात येण्याच्या थोडे आधीच जर्मनीतील एका वाचकाच्या हाती त्याची प्रत पडली, आणि शेवट जगभर फुटला. एरिक गेला, बिल शेजारी म्हणून उरला, आणि सूकी सॅमबरोबर राहणार असे लेखिकेने सूचित केले. झाले! पुस्तक न वाचताच लोकांनी आगाऊ मागण्या रद्द केल्या, विक्रेत्यांच्या याद्यांवर एक-एक तारा देऊन पुस्तकाची नालस्ती केली, आणि बाईंना धमक्या आल्या. नेहमीप्रमाणे गावोगाव जाऊन वाचकांना भेटण्याचा बेत त्यांनी ह्या शेवटच्या पुस्तकासाठी ठेवलाच नाही. बारा वर्षे ज्या वाचकांसमोर बसून सह्या दिल्या, त्यांच्यासमोर जाण्याची बाईंना धास्ती वाटावी, ही गोष्ट पिशाचांच्या कोणत्याही कथेहून अधिक अंगावर काटा आणणारी आहे.

आता ह्या वाचकांना वेडगळ म्हणून सोडून देणे सोपे आहे. तसे तेव्हा पुष्कळांनी केलेही. परंतु त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. चौथ्या पुस्तकात, म्हणजे 2004 च्या 'डेड टु द वर्ल्ड'मध्ये, चेटकिणींच्या शापाने एरिकची स्मृती जाते आणि तो सूकीच्या घरी आश्रयाला येतो. गर्व गळालेला, भांबावलेला, प्रेमळ असा हा एरिक वाचकांनी एकदा पाहिला. त्यानंतर नऊ पुस्तके ते त्याच एरिकच्या परत येण्याची वाट पाहत होते. लेखिकेने ती आशा जागती ठेवली, तिच्यावर पुस्तके खपली, हे नाकारता यावयाचे नाही. अखेरच्या दोन-तीन भागांत तर एरिकला ओक्लाहोमाच्या पिशाचराणीशी कराराने बांधून कथेतून जवळजवळ ढकलून दिले आहे. तेथे लिखाणही थकलेले वाटते. सूनबाई म्हणतात, "निरोप देताना सुद्धा धड दिला नाही." ह्या तक्रारीत आम्हांला तथ्य दिसते.

पण निरोप नीट दिला नाही ही एक तक्रार, आणि निवड चुकली ही दुसरी. दुसरी आम्हांला मान्य नाही. पुस्तके पुन्हा उघडून पाहावीत. बिल सूकीच्या आयुष्यात आपण होऊन आलाच नव्हता; लुइझिआनाच्या राणीने त्याला तिच्यावर सोडले होते, हे सहाव्या पुस्तकात उघड होते. एरिकने नवव्या पुस्तकात एका समारंभी सुरीच्या देवघेवीने तिच्याशी पिशाचांच्या रीतीचे लग्न लावून घेतले, आणि ते लग्न आहे हे तिला त्या वेळी सांगितले सुद्धा नाही. त्याची कारणे काही असोत; मुलीला न कळत लावलेल्या लग्नाला आपल्या घरांतून काय म्हणतात ते सांगण्याची गरज नाही. शिवाय सूकीला ऊन फार प्रिय. अंगणात खुर्ची टाकून उन्हात पडणे हे तिचे सुख पहिल्या पुस्तकापासून आहे. पिशाचाच्या घरी ऊन नाही, मूल नाही, आणि बरोबरीने म्हातारे होणे तर नाहीच नाही. एरिकबरोबर राहावयाचे तर एक तर तिने मरून पिशाच व्हावयाचे, किंवा तो होता तसाच तरुण राहिलेला पाहत आपण म्हातारे व्हावयाचे. सूकी मनाने पिशाच होऊ इच्छीत नाही, हे ती पुन्हा पुन्हा सांगते. वाचकांनी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. दुसऱ्याच्या मनातले ऐकू येणाऱ्या नायिकेच्या नशिबी असे वाचक यावेत!

ह्या वादाचे नवल वाटण्याचे आपल्याला तरी काही कारण नाही, कारण आपण तो फार पूर्वीच खेळून झालो आहोत. सर रिचर्ड बर्टन ह्यांनी 1870 साली आपल्या वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर केले, तेव्हा वेताळाला त्यांनी 'व्हँपायर' हेच नाव दिले. स्टोकरचा ड्रॅक्युला त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला. आमच्या कोकणा-गोव्यातला गावराखण्या वेताळ आणि युरोपातला रक्तशोष्या ह्यांत फरक पुष्कळ आहे. बर्टनसाहेबांनी घाई केली, हे खरेच. पण त्या घाईत एक मौज आहे. 'वेताळ पंचविशी' ही प्रेतात शिरलेल्या पिशाचाने सांगितलेल्या कथांची माला, आणि त्यांतल्या कित्येक कथांचा शेवट 'मग सांग राजा, ती कोणाची बायको?' ह्याच प्रश्नावर होतो!

मंदारवतीची गोष्ट आठवावी. एक मुलगी, तीन वर. ती तापाने मरते. एक वर तिच्या चितेची राख अंथरून स्मशानातच राहतो. दुसरा अस्थी गंगेला नेतो. तिसरा देशोदेशी हिंडून मेलेल्याला उठविण्याचा मंत्र मिळवितो. तो मंत्र म्हणतो, ती उठते, आणि तिघे भांडू लागतात. विक्रमाचा निवाडा असा की, प्राण देणारा तो बाप, अस्थी नेणारा तो मुलगा, आणि राखेशेजारी जो राहिला तो नवरा.

येथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. वेताळ निवाडा स्वतः करीत नाही. तो प्रश्न टाकतो. निवाडा ऐकणाऱ्याने करावयाचा, आणि केला की वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे ऐकणाऱ्याला न्यायाधीशाची गादी आपल्या कथापरंपरेने मुद्दाम दिली होती. पण गादी मिळाली ती कथा संपल्यावर, आणि निवाडा देणाऱ्याला दर वेळी प्रेत पुन्हा खांद्यावर घेऊन चालावे लागे. सूकीच्या वाचकांनी कथा चालू असताना, दरसाल, वर्षभर निवाडा देऊन ठेवला. तेराव्या वर्षी लेखिकेने आपला निवाडा दिला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती गादी बळकावणारी ठरली. हॅरिसबाईंनी सांगितले आहे की, सूकी शेवटी कोणाकडे जाणार हे त्यांच्या मनात फार पूर्वीपासून ठरलेले होते. तसे असेल, आणि नसावे असे मानण्याचे कारण नाही, तर बारा वर्षे दोन निवाडे समोरासमोर उभे होते, आणि एकाला दुसऱ्याची दाद नव्हती.

शेवट बदलणारे लेखक झाले नाहीत असे नाही. डिकन्सने 1861 साली 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा उदास शेवट बुल्वर-लिटन ह्या मित्राच्या सांगण्यावरून फिरविला, आणि कोणता शेवट बरा ह्यावर टीकाकार आजही भांडतात. कॉनन डॉइलने 1893 मध्ये होम्सला धबधब्यात लोटले आणि दहा वर्षांनी, 1903 मध्ये, वर काढले. आमच्या हरिभाऊ आपट्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. मात्र अपुऱ्या कादंबरीबद्दल वाचक रागावत नाही, हळहळतो. पुरी केली की मग हिशोब मागतो.

हॅरिसबाईंनी शेवट बदलला नाही, ह्याबद्दल आम्हांला त्यांचा आदर वाटतो. पण त्याच 2013 च्या ऑक्टोबरात त्यांनी 'आफ्टर डेड' नावाचे एक पुस्तक काढले. त्यात मालेतील लहानमोठ्या पात्रांचे पुढे काय झाले ते अकारविल्हे, कोशासारखे, दोन-चार ओळींत दिले आहे. ही मात्र चूक झाली. हजार वर्षे जगलेल्या एरिकची पुढची हकीकत जनगणनेच्या नोंदीसारखी वाचून कोणाचे समाधान व्हावे? तेराव्या पुस्तकात सूकी-सॅमच्या बाबतीत जो एक दरवाजा किंचित उघडा ठेवला होता, तोही ह्या कोशाने लावून टाकला. दूरचित्रवाणीवाल्यांनी 2014 च्या ऑगस्टमध्ये दुसरे टोक गाठले. सूकीचे लग्न झालेले, ती गर्भवती, घरी सणाची पंगत. आणि नवऱ्याचा चेहरा प्रेक्षकाला दाखवलाच नाही. कोणाचेच मन दुखवावयाचे नाही म्हणून नवराच गाळला! सूनबाईंनी ते पाहिले आहे. त्यांच्या मते त्यापेक्षा गुत्तेवाला परवडला.

हे सारे आज उकरून काढण्याचे कारण असे की, तीच वेळ आता दुसऱ्या लेखिकांवर येत आहे. पिशाचे जरा मागे पडून त्यांच्या जागी ड्रॅगन व यक्षगंधर्व आले आहेत, एवढाच फरक. रिबेका यारोस ह्यांचे 'ऑनिक्स स्टॉर्म' 2025 च्या जानेवारीत निघाले आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या सत्तावीस लाखांच्या आसपास प्रती गेल्या. ते मालेतले तिसरे पुस्तक. माला पाच भागांची आहे असे लेखिकेने सांगून ठेवले आहे. दरम्यान वाचक आपसांत प्रत्येक ओळीचा कीस काढून शेवट ठरवीत आहेत. 2001 साली सूकीचा वाचक एकटा वाचत होता आणि त्याचा तर्क त्याच्यापाशी राहत होता. आता तर्क मांडल्याच्या दुसऱ्या क्षणी लाखभर लोक त्याला मान डोलावतात, आणि तो तर्क न राहता हक्क होऊन बसतो. मेयरबाईंच्या 'मिडनाइट सन'चा अपुरा मसुदा 2008 मध्ये बाहेर फुटला, तेव्हा त्यांनी लेखन बाजूला ठेवले. ते पुस्तक वाचकांच्या हाती यावयास 2020 उजाडले. लेखिकेच्या खोलीत गर्दी फार झाली की काय होते, त्याचे हेही एक उदाहरण.

आम्ही हा सगळा युक्तिवाद, मंदारवतीसकट, सूनबाईंना ऐकविला. म्हटले, विक्रमाच्या न्यायानेच पाहा. जो राखेशेजारी राहिला तो नवरा. सूकीच्या आजीचा खून झाला तेव्हापासून तिच्या प्रत्येक संकटात गावातच राहून, रोज दुकान उघडून, तिला पगार देऊन तिची वाट पाहणारा कोण? सॅमच ना?

सूनबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "आबा, बाराव्या पुस्तकाच्या शेवटी सॅम मरतो. सूकीजवळ परीलोकीची एकच वस्तू असते, एकच इच्छा पुरवणारी. तिने एरिकचा करार मोडता आला असता, तो त्या आशेनेच होता. तिने ती सॅमला उठवण्यात खर्च केली. तुमच्या राजाच्या निवाड्याप्रमाणे प्राण देणारे आईबाप होतात. मग सॅम तिचा मुलगा झाला, नवरा कसा?"

आम्ही गप्प राहिलो.

"आणि राखेशेजारी राहणाराच नवरा म्हणत असाल," त्या कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "तर सूकीच्या घरापलीकडे दफनभूमी आहे, आणि तिच्या पलीकडच्या घरात बिल राहतो. पहिल्या पुस्तकापासून."